चहाचं झुडूप स्फुरद कुठून मिळवतं? आणि आपल्या चुनखडीच्या रानात त्याचं काय?

मृण्मयी_गंगापूररोड (धागाकर्ती)

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागांचे माती आणि देठ परीक्षणाचे अहवाल वाचणं हे माझं रोजचं काम. ऑक्टोबर छाटणीनंतर पानाच्या देठात स्फुरद (फॉस्फरस) कमी आला की बागाईतदार हमखास विचारतात, "ताई, बेसल डोसला (सुरुवातीच्या खताला) सुपर फॉस्फेट घातलं, ठिबकमधून १२:६१:०० (मोनोअमोनियम फॉस्फेट) सोडलं, मग गेलं कुठं?" गेलं कुठंच नाही. मातीतच आहे, पण मुळीच्या हाती लागत नाही. हे समजावताना मी हल्ली चहाचं उदाहरण देते. आपल्याकडे चहा होत नाही, पण स्फुरदाची इतकी ओढाताण असलेल्या जमिनीत पन्नास-शंभर वर्षं एकाच जागी उभं राहून सतत खुडणी सोसणारं दुसरं पीक चटकन सापडत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चहाला आम्ल जमीन लागते, सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५.५. अशा मातीत लोह आणि ॲल्युमिनियम मोकाट असतात आणि फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचं मातीतलं रूप, समोर आला की त्याला धरून ठेवतात. खत म्हणून घातलेल्या स्फुरदातला थोडाच भाग त्या हंगामात झाडाला मिळतो. बाकीचा मातीच्या कणांना चिकटून बसतो. नत्र (नायट्रोजन) पाण्याबरोबर मुळीपर्यंत वाहत येतो, स्फुरद तसा येत नाही. मुळीच्या भोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा थर एकदा रिकामा झाला की पलीकडचा स्फुरद तिच्यापर्यंत फार सावकाश सरकतो. शिवाय मातीच्या ओलाव्यात तो जेवढा असतो त्याच्या हजारपट किंवा त्याहून जास्त मुळीच्या पेशीत असतो. म्हणजे झाडाला तो ऊर्जा खर्च करून आत ओढावा लागतो. त्यासाठी मुळीच्या आवरणात खास वाहक प्रथिनं असतात आणि स्फुरदाची टंचाई जाणवली की झाड त्यांची संख्या वाढवतं.

पण ओढण्याआधी सोडवायला हवं. चहाची मुळं ऑक्सॅलिक, मॅलिक, सायट्रिक अशी सेंद्रिय आम्लं बाहेर सोडतात. ही आम्लं ॲल्युमिनियम आणि लोहाला स्वतः धरतात आणि त्यांच्या तावडीतला फॉस्फेट मोकळा होतो. ॲल्युमिनियमची गोष्ट तर विलक्षण आहे. मका, गहू, बहुतेक पिकांची मुळाची टोकं आम्ल जमिनीतल्या ॲल्युमिनियमने खुंटतात. चहाची मुळं मात्र थोड्या ॲल्युमिनियमच्या संगतीत जास्त जोमाने वाढतात! आत आलेला ॲल्युमिनियम झाड आम्लांशी बांधून निरुपद्रवी करतं आणि हळूहळू जुन्या पानांत साठवतं. ज्याने स्फुरद अडवून धरलाय त्यालाच असं पचवून टाकणं मला तरी फार मोठी करामत वाटते.

आणखी दोन गोष्टी. चहाला नत्र अमोनियमच्या रूपात जास्त आवडतं आणि अमोनियम आत घेताना मुळी हायड्रोजन आयन बाहेर टाकते, त्यामुळे मुळीलगतची माती आणखी आम्ल होते. दुसरं म्हणजे पालापाचोळ्यात आणि ह्यूमसमध्ये बांधलेला स्फुरद तोडून काढायला मुळं फॉस्फेटेज नावाचं विकर सोडतात. म्हणूनच चहाच्या मळ्यात छाटणीचा पाला बाहेर न नेता झुडपांखालीच पडू देण्यावर एवढा भर असतो.

मुळांसोबत राहून स्फुरद आणून देणाऱ्या बुरशीबद्दल मुद्दाम लिहिलं नाही, तो मोठा विषय आहे. प्रतिसादांत येईलच.

दिंडोरीकर

ताई, छान लिहिलंय. माझी बाग भारी काळ्या जमिनीत आहे, सामू ८.२, चुनखडी भरपूर. आम्लानेच काम होत असेल तर ठिबकमधून सायट्रिक ॲसिड किंवा फॉस्फोरिक ॲसिड सोडून तेच साधता येईल ना? आमच्याकडं बरेच जण सोडतात.

मृण्मयी_गंगापूररोड

दादा, हा प्रश्न येणारच होता. हिशोब करून बघू. एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरात साधारण २२ लाख किलो माती असते. त्यात चुनखडी फक्त १ टक्का धरली तरी ती २२ टन होते. एक किलो सायट्रिक ॲसिड जेमतेम पाऊण किलो चुनखडी संपवतं. गंधक जास्त ताकदीचं, तरी १ टक्का चुनखडी संपवायला हेक्टरी सात टनांच्या आसपास गंधक लागेल. आपल्या पट्ट्यात ५ टक्के, १० टक्के चुनखडीची रानं कमी नाहीत. सगळ्या रानाचा सामू खाली आणायचा विचार सोडून द्या.

चहाचं झुडूपसुद्धा सगळी जमीन बदलत नाही. मुळीच्या टोकामागच्या काही मिलिमीटरमध्ये ते आम्ल सोडतं, जिथे गरज आहे तिथेच. आपणही तेवढंच करायचं. चारी उघडून चांगलं कुजलेलं शेणखत आणि सुपर फॉस्फेट एकत्र मिसळून पट्ट्यात द्या, रानभर फेकू नका. शेणखत कुजताना निघणारी आम्लं स्फुरदाला काही काळ चुन्यापासून वाचवतात आणि पांढरी मुळी तिथेच धावते.

आणि खताची निवड. डीएपीचा (डायअमोनियम फॉस्फेटचा) दाणा विरघळतो तेव्हा त्याच्या लगतचा सामू ८ च्या जवळ जातो. १२:६१:०० चा ४ च्या आसपास राहतो, सुपर फॉस्फेटचा त्याहून खाली. चुनखडीच्या रानात हा फरक लक्षात घ्यावा. फॉस्फोरिक ॲसिडने ठिबकच्या नळ्या साफ होतात, ड्रिपरखालच्या छोट्या भागात थोडा फायदाही होतो. ते सोडू नका असं मी म्हणत नाही, पण त्याने माती सुधारली असं समजू नका.

गच्चीवरची_बाग

माझ्याकडे कुंडीत खरं चहाचं झाड आहे, इंदिरानगरला गच्चीवर. दोन वर्षांपूर्वी कुन्नूरहून आणलं. नवी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. रोपवाटिकेत विचारलं तर स्फुरद कमी आहे म्हणाले आणि हाडांचा चुरा घालायला सांगितलं. घातला, पण पिवळेपणा वाढलाच. पाणी बोअरचं.

मृण्मयी_गंगापूररोड

ताई, हे स्फुरदाचं लक्षण नाही, लोहाचं आहे. स्फुरद झाडाच्या आत फिरणारं अन्नद्रव्य आहे. कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्याला देतं, म्हणून टंचाई आधी जुन्या पानांवर दिसते. चहाची जुनी पानं चकाकी हरवून निस्तेज गडद दिसू लागतात, काड्या बारीक राहतात, शेंडे मरतात. लोह तसं फिरत नाही, म्हणून नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या.

तुमच्या कुंडीचा सामू चढलाय. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतात, प्रत्येक पाण्याबरोबर ते साठत जातात. हाडांचा चुरा म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट, त्याने कॅल्शियमची आणखी भर पडली. चुरा बंद करा. जमलं तर सगळी माती बदला. कोकोपीट, पानांचं कुजलेलं खत आणि थोडी तांबडी माती, तळाला निचऱ्याची सोय. पावसाचं पाणी साठवून तेच घाला. अमोनियम सल्फेट अगदी चिमूटभर, महिन्यातून एकदा, ओल्या मातीत. नवी पालवी हिरवी फुटते का ते बघा, जुनी पिवळी पानं परत हिरवी होतील अशी अपेक्षा धरू नका.

गच्चीवरची_बाग

मनापासून आभार. लिटमस पट्टी आणून आधी पाण्याचा सामू बघते.

मृण्मयी_गंगापूररोड

पट्टी नेमकं सांगत नाही, पाणी परीक्षणात सामूसोबत बायकार्बोनेट बघायला सांगा. खर्च फार नाही.

वनस्पतीवेडा

धागाकर्तीने झाडाच्या आतली काटकसर थोडक्यात सांगितली, त्यात भर घालतो. पेशींच्या पडद्यांत स्फुरद असलेले मेदपदार्थ असतात, फॉस्फोलिपिड. टंचाई आली की झाडं त्यातले बरेचसे मोडून स्फुरद मोकळा करतात आणि त्यांच्या जागी गंधक किंवा साखर जोडलेले मेदपदार्थ बसवतात. पडद्याचं काम चालू राहतं आणि वाचलेला स्फुरद नव्या पानांच्या उपयोगी येतो. हे फक्त चहात नाही, बहुतेक वनस्पतींत होतं. पण चहासारख्या सदाहरित झुडपात, जिथे कोवळी पानं सतत खुडली जातात, तिथे त्याचं महत्त्व जास्त. चहाच्या कोवळ्या शेंड्यात नत्र ४ ते ५ टक्के असतं तर स्फुरद त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका. गरज थोडी, पण अडली की सगळंच अडतं. पेशीतली ऊर्जेची देवाणघेवाण स्फुरदावर चालते, डीएनएचा कणा त्याचाच.

दक्षिण भारतातल्या चहामळ्यांत सावलीसाठी सिल्व्हर ओक लावतात, तेच झाड जे नाशिकमध्ये बंगल्यांच्या कुंपणालगत दिसतं. मूळ ऑस्ट्रेलियाचं. त्याच्या मुळांवर बारीक मुळ्यांचे दाट झुपके येतात आणि त्या झुपक्यांतून सेंद्रिय आम्लं सोडली जातात. ऑस्ट्रेलियाच्या जुन्या, झिजलेल्या, स्फुरद जवळजवळ संपलेल्या जमिनीत हे कूळ वाढलं, त्यामुळे हा गुण त्याच्या अंगी मुरलेला. सावली, वाऱ्याला आडोसा आणि वरून त्याचा पाला कुजून झुडपांना मिळतो.

येवल्याचा_कांदा

बुरशीचं राहिलं. आमच्याकडं मायकोरायझाच्या, म्हणजे त्याच बुरशीच्या, पुड्या खूप विकल्या जातात. घातल्या, काही फरक दिसला नाही. चहाला खरंच त्याचा उपयोग होतो का हे विक्रीसाठी सांगतात?

वनस्पतीवेडा

होतो. चहाच्या मुळांवर केसमुळं तुटपुंजी असतात, त्यामुळे ते झाड या बुरशीवर बरंच अवलंबून असतं. मुळाच्या आत शिरून राहणारी ही बुरशी बाहेर आपले धागे काही सेंटीमीटर लांब पसरवते. ते मुळापेक्षा कितीतरी बारीक असल्यामुळे मातीच्या ज्या फटीत मूळ शिरत नाही तिथे ते शिरतात. स्फुरद आणून देतात, बदल्यात झाडाकडून साखर आणि मेदपदार्थ घेतात. स्फुरद कमी पडला की मुळं स्ट्रिगोलॅक्टोन नावाची द्रव्यं मातीत सोडून बुरशीला बोलावतात.

आणि इथेच तुमच्या पुडीचं उत्तर आहे. मातीत उपलब्ध स्फुरद भरपूर असेल तर झाड हे बोलावणंच बंद करतं. बुरशीला साखर द्यायची गरज काय त्याला? कांद्याच्या वाफ्यात पोतंभर डीएपी आणि वर मायकोरायझाची पुडी, असं केलं तर पुडीचे पैसे वाया.

मृण्मयी_गंगापूररोड

येवल्याच्या भाऊंसाठी आणखी एक. कांदा या बाबतीत चहाच्याही पुढे आहे. कांद्याची मुळं थोडी, उथळ, फाटे कमी आणि केसमुळं जवळजवळ नाहीतच. एखादं रोप उपटून धुऊन बघा, जाड पांढऱ्या दोऱ्यांचा झुपका दिसेल, बारीक जाळं दिसणार नाही. म्हणून कांदा बुरशीशिवाय स्फुरदाला फार कच्चा.

कांद्याआधी रानात काय होतं?

येवल्याचा_कांदा

निम्म्या रानात मका, निम्म्यात कोबी. आता तुम्ही विचारल्यावर आठवलं, मक्यावरचा कांदा नेहमीच लवकर धरतो. आम्ही म्हणायचो कोबीनं जमीन खाल्ली.

मृण्मयी_गंगापूररोड

कोबी, फ्लॉवर, मोहरी या कुळातली पिकं या बुरशीला थारा देत नाहीत. त्यांच्या हंगामात मातीतली बुरशी उपाशी राहते आणि पुढच्या पिकाला कमी मिळते. मका, सोयाबीन, मूग, ज्वारी या सगळ्यांवर ती पोसली जाते. कोबी जमिनीतली अन्नद्रव्यंही उचलते, त्यामुळे सगळं श्रेय बुरशीला देणार नाही. पण मक्यावर कांदा घ्या, कोबीच्या रानात आधी एक मूग किंवा ताग काढा. रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात बुरशी द्या, तिथे मुळं कोवळी असतात आणि लागण चांगली होते. तिच्याबरोबर कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी करू नका.

सुरगाण्याची_लेक

आमच्याकडं सुरगाणा-पेठला जमीन तांबडी, पाऊस धो धो. भात, नागली, वरई, खुरासणी. सामू साडेपाच-सहाच्या आसपास येतो. मग आमच्याकडं चहा का नाही लावायचा? स्ट्रॉबेरी लावलीच की लोकांनी.

मृण्मयी_गंगापूररोड

ताई, मातीच्या बाजूने तुमची जमीन आपल्या जिल्ह्यात चहाच्या सर्वांत जवळची. अडतं ते पावसाच्या वाटणीत. सह्याद्रीच्या माथ्यावर इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पण तो जवळपास सगळा चार महिन्यांत. ऑक्टोबर ते मे कोरडं. चहाला वर्षभर ओल हवी. नीलगिरीला दोन्ही मान्सूनचा पाऊस मिळतो, आसामात मार्च-एप्रिलपासूनच सरी येतात. उन्हाळ्यात पाणी देऊन परसात चार झुडपं जगतील, पण पीक म्हणून त्यावर पैसा लावा असं मी म्हणणार नाही.

तुमच्या भागासाठी दोन गोष्टी मात्र फार महत्त्वाच्या आहेत. एक, माती परीक्षण. उपलब्ध स्फुरद मोजायची आपल्याकडची रूढ पद्धत ओल्सेनची, सामू ८.५ च्या सोडियम बायकार्बोनेटने काढायची. ती चुनखडीच्या आणि उदासीन जमिनीसाठी चांगली. आम्ल जमिनीसाठी ब्रेची पद्धत आहे. नमुना देताना माती तांबडी, आम्ल आहे हे लिहून द्या आणि पद्धत कोणती वापरली ते अहवालात बघा. दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. आणखी एक, काही अहवालांत आकडा स्फुरदाचा असतो, काहींत स्फुरद पेंटॉक्साइडचा. दुसरा पहिल्याच्या २.२९ पट असतो. खताची गोणी पेंटॉक्साइडमध्ये बोलते, म्हणून हिशोब जुळवताना गफलत होते.

दोन, रॉक फॉस्फेट. दक्षिणेतल्या चहामळ्यांत ते वापरतात, कारण आम्ल माती ते हळूहळू विरघळवते. तुमच्या वरकस नागलीच्या रानातही ते काम करू शकतं आणि स्वस्त पडतं. निफाडच्या काळ्या रानात मात्र ते वर्षानुवर्षं दगडासारखं पडून राहील, कुणी कितीही गोड बोलून विकलं तरी.

सुरगाण्याची_लेक

भाताच्या खाचरातही घालायचं का?

मृण्मयी_गंगापूररोड

खाचरात गरज कमी पडते. चिखलणी करून पाणी उभं राहिलं की मातीतली हवा संपते, लोहाचं रूप बदलून ते विरघळतं आणि त्याला चिकटलेला स्फुरद मोकळा होतो. शिवाय उभ्या पाण्यात आम्ल जमिनीचा सामूही वर सरकतो. त्याच बांधावर वरच्या बाजूच्या नागलीला ही सवलत नाही. स्फुरदाचे पैसे आधी नागलीवर खर्च करा.

निफाडचा_बापू

चहाचं ऐकून बरं वाटलं, पण आपल्या काळ्या चुनखडीच्या रानात चहासारखं काम करणारं पीक कुठलं? तसं असेल तर द्राक्षाच्या दोन ओळींत लावता येईल.

वनस्पतीवेडा

बापू, हरभरा. पहाटे हरभऱ्याच्या रानातून चाललं की पायाला जे लागतं आणि चरचरतं ती आंब, पूर्वी फडक्यावर धरून पोटदुखीला ठेवायचे ती, मॅलिक आणि ऑक्सॅलिक आम्लाची असते. पानांवर ही, तर मुळांतूनही तो आम्लं सोडतो, त्यात सायट्रिक मोठ्या प्रमाणात. काळ्या जमिनीत स्फुरद चुन्याशी बांधलेला असतो आणि सायट्रिक आम्ल कॅल्शियमला धरून तो सोडवतं. तूर वेगळी. तिच्या मुळांतून पिसिडिक आम्ल निघतं, ते लोहाला धरतं, म्हणून तांबड्या जमिनीत लोहाशी बांधलेला स्फुरद तिला मिळतो. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत यावर काम झालं आणि १९९० मध्ये ते छापून आलं. ज्वारीला जो स्फुरद मिळत नव्हता तो तूर घेत होती. आपल्या लोकांनी ज्वारीत तूर, रब्बीत हरभरा हा फेर धरला तो उगाच नाही.

दिंडोरीकर

म्हणजे ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षओळींच्या बोदांच्या (उंच वरंब्यांच्या) मध्ये हरभरा?

मृण्मयी_गंगापूररोड

दादा, जपून. भुरी-डाऊनी या द्राक्षावरच्या रोगांच्या फवारण्या त्याच ओळींत होतात, तो हरभरा मग खायचा नाही, फुलोऱ्याआधी कापून बोदावर आच्छादन म्हणून टाकायचा. खोडालगत नको, पाण्याला स्पर्धा होते. आधी दोन ओळींवर करा, पुढच्या वर्षीचं देठ परीक्षण त्या ओळींचं आणि बाकीच्यांचं वेगळं घ्या. फरक दिसला तर वाढवा.

जुन्या बागेत आणखी एक बघायला हवं. दरवर्षी स्फुरद घालून काही रानांत उपलब्ध स्फुरदाचा आकडा आधीच वर गेलेला असतो आणि देठात जस्त किंवा लोह कमी येतं. स्फुरद जास्त झाला की जस्त अडतं. तिथे आणखी स्फुरद घालण्यात अर्थ नाही, तिथे एखादं वर्ष थांबलं तरी चालतं. हे कोणत्या रानात लागू आहे ते अहवाल बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

निफाडचा_बापू

मग नमुना कधी आणि कसा घ्यायचा ते एकदा नीट लिहा ताई. दरवेळी दुकानदार सांगतो तसं घेतो.

मृण्मयी_गंगापूररोड

बेसल डोस घालायच्या आधी, जमीन वाफशावर (ना चिखल, ना कोरडी) असताना. बागेत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं निवडा. बांध, झाडाखालची सावली, शेणखताचा ढीग होता ती जागा आणि मागच्या वर्षीची खताची चारी टाळा. द्राक्षाला ० ते ३० आणि ३० ते ६० सेंटीमीटर असे दोन थर वेगळे, कांद्याला वरचे १५ ते २० पुरेत. सगळी माती स्वच्छ घमेल्यात मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, असं करत अर्धा किलोवर आणा. सावलीत वाळवा. कापडी पिशवीत भरा, खताच्या रिकाम्या गोणीत मुळीच नाही, गोणीला चिकटलेले चार दाणेसुद्धा स्फुरदाचा आकडा बिघडवतात. भारी आणि मुरमाड पट्टा असेल तर नमुने वेगळे. चिठ्ठीवर पीक, मागचं पीक आणि घातलेली खतं लिहा, आणि सामू, सेंद्रिय कर्ब, मुक्त चुनखडी या तिन्ही तपासण्या मागून घ्या. अहवाल आला की इथेच टाका, नाव-गट नंबर झाकून. बघून सांगते.